घरात कोणी आहे का?

"आ करा, वहिनी. आणखी. मला शिव्या घालताना उघडता तेवढं तरी उघडा."

वहिनींनी तोंड उघडलं, पण डोळे माझ्यावर वटारलेलेच. छोटीने हातातला तोंडात बघायचा आरसा उलटा केला आणि त्याच्या दांड्याने वरच्या सुळ्यामागच्या दातावर हलकेच टकटक केलं. वहिनी खुर्चीत ताडकन उसळल्या.

"दुखलं?" छोटीने विचारलं.

"नाही."

"आई, तू अर्धी उठलीस खुर्चीतून!"

"खुर्ची हलली."

या घरातल्या माणसांपुढे कोण काय बोलणार? छोटी म्हणजे आमच्या छोट्या डॉक्टर, वहिनींची एकुलती एक लेक. मोठे डॉक्टर म्हणजे तिचे वडील. त्यांच्या हाताखाली माझी उभी हयात गेली. लाळ ओढायची नळी धरायची, सामान उकळायचं, दातात भरायचा मसाला कालवायचा आणि बाहेर बाकावर बसलेल्या पेशंटांना धाकात ठेवायचं, एवढं माझं काम. मोठे डॉक्टर मला फौजदार म्हणायचे. ते गेले त्याला वर्ष उलटून गेलंय. तरी सकाळी दवाखान्याचं कुलूप काढताना मी अजून आधी दार वाजवते. का, ते मला विचारू नका.

दातावर टकटक करायची त्यांची एक रीत होती. ती सगळेच दंतवैद्य करतात, दात आतून दुखतोय का ते कळायला. पण मोठे डॉक्टर टकटक करून गंभीर चेहऱ्याने विचारायचे, "घरात कोणी आहे का?" दुखलं तर पेशंटने म्हणायचं, "आहे!" नाही दुखलं तर म्हणायचं, "कोणी नाही!" लहान पोरं तर या खेळापायी रडायची विसरत. मोठी माणसंही, अगदी टाय लावून आलेली, तोंडात कापूस असताना "आहे आहे" करत ओरडायची. छोटी टकटक करते, पण तो प्रश्न ती कधी विचारत नाही. मुकाट्याने करते आणि पेशंटच्या कपाळाकडे बघते.

वहिनींचा हा दात मोठ्या डॉक्टरांनीच उघडला होता. दुपारी पेशंट संपल्यावर बायकोला खुर्चीत बसवलं, आतली मेलेली नस काढली, मुळं धुतली, लवंगतेलाचा कापसाचा बोळा आत ठेवला आणि वरून तात्पुरता मसाला लिंपला. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात मुळं भरतो, आत काडी बसवतो आणि वर टोपी. मग खुशाल अक्रोड फोडा." वहिनी म्हणाल्या, "अक्रोड फोडायला तुम्ही आहात की." तेव्हा आम्ही तिघंही हसलो. पुढचा आठवडा उजाडलाच नाही. डॉक्टर दुपारी जेवून पडले, ते पडलेच.

तो मसाला फार तर महिना-दोन महिने टिकायचा. वर्षभर टिकला. असं होत नाही हो. माझ्या पाहण्यात तरी नाही. मी भूतबित मानत नाही, पण वहिनींच्या तोंडातला तो पांढरा ठिपका जागच्या जागी बघितला की माझ्या अंगावर काटा यायचा. छोटी आईच्या मागे लागायची, विनवायची, चिडायची. वहिनी ढिम्म! "दुखत नाही, मग कशाला?" हे एकच पालुपद. एका बाजूने जेवायच्या आणि दुखत नाही म्हणायच्या. शेवटी काल बदाम चावताना दाताची आतली भिंतच निखळली, तेव्हा कुठे लेकीने त्यांना जवळजवळ ओढत आणून खुर्चीत बसवलं.

"एक्स-रे बघते," म्हणून छोटी आत गेली. वहिनी माझा हात धरून हळूच म्हणाल्या, "फौजदार, तिला सांग ना, राहू दे म्हणून."

"काय राहू दे? अर्धा दात पडलाय. उरलेलाही जाईल."

"जाईल तेव्हा जाईल."

"वहिनी, दुखतं ना?"

त्यांनी मान वळवली. मग खिडकीकडे बघत बोलल्या, "रात्री जिभेने दाबलं की ठसठसतं. ठसठसलं की वाटतं, हे आहेत. ह्यांचे चष्मे दिले, कपडे दिले, बूट कुणाला तरी झाले. ह्यांच्या हातचं एवढंच राहिलंय. आतमध्ये आहे ते, कुणाच्या नजरेसही पडत नाही."

माझं डोकंच फिरलं. या धंद्यात इतकी वर्षं काढली की दुर्लक्षाने सुजून आलेले जबडे बघितलेले असतात. मी फाडकन बोलले, "अहो, तो पू आहे वहिनी! डॉक्टर नाहीत!"

बोलले आणि जीभ चावली. पण वहिनी रागावल्या नाहीत. "माहीत आहे," म्हणाल्या. "दंतवैद्याची बायको आहे मी."

दारात छोटी एक्स-रे घेऊन उभी होती. तिने किती ऐकलं कोण जाणे, पण चेहरा पांढराफटक पडला होता. ती येऊन डॉक्टरांच्या चाकाच्या स्टुलावर बसली नाही. त्या स्टुलावर ती बसतच नाही, स्वतःचं वेगळं आणलंय. डॉक्टरांचं स्टूल कुठेही ठेवा, हळूहळू घरंगळत खुर्चीच्या उजव्या अंगाला येऊन थांबतं, जिथे ते बसायचे तिथेच. फरशीला उतार आहे, हे मलाही कळतं. तरी ते यायला लागलं की आम्ही दोघी बोलता बोलता थांबतो.

"आई," छोटी म्हणाली, "तुला एकटीलाच वाटतं का असं? या भागात मी ज्याचं तोंड उघडावं तिथे बाबा. दाढेत बाबा, टोपीखाली बाबा. कुणाचं जुनं काम काढायला घेतलं की वाटतं, मागून म्हणतील, कशाला हात लावतेस, चांगलं आहे की. दिवसभर मी त्यांनाच खरवडत असते. आणि लोक वर विचारतात, मोठे डॉक्टर कधी बसतात?"

वहिनी लेकीकडे बघतच राहिल्या. हे त्यांना नवीन होतं. मलाही होतं, खोटं कशाला बोलू? मला वाटायचं, पोरगी तुसडी आहे.

छोटीने एक्स-रे उजेडात धरला. "हे बघ. मुळाच्या टोकाशी हा काळा डाग. असाच ठेवलास तर दात उपटावा लागेल, म्हणजे बाबांचं आतलं कामही त्याच्याबरोबर गेलं. वाचवायचा तर बाबांनी ठेवलेलं सगळं मला काढावं लागेल. कसंही केलं तरी ते राहत नाही, आई. दात तेवढा राहू शकतो."

बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं.

"काढ," वहिनी म्हणाल्या. "पण हात थरथरला तर मी उठून जाईन."

भूल दिली, ओठ जड झाला. छोटीने मसाल्याला यंत्र लावलं. मी नळी धरली. मसाला निघाला आणि खालचा कापूस दिसला. तिने चिमट्याने तो उचलला मात्र, खोलीत लवंगतेलाचा वास पसरला. फार नव्हता, एवढ्याशा बोळ्याला असून असणार किती? पण त्यांच्या बोटांना, रुमालाला, दुपारी वाचत पडलेल्या वर्तमानपत्राला हाच वास असायचा. छोटी आता लवंगतेल वापरत नाही, दवाखान्याचा वास कधीच बदललाय. तिचा हात हवेत थांबला. वहिनींच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी ओघळून कानात गेलं. भूल चढलेली होती, दुखायचा प्रश्नच नव्हता. माझ्याच्याने बघवेना. मी उगीच नळी पुसली.

छोटीने बोळा ताटलीत ठेवला. हाताने वळलेला, मधे फुगीर, टोकाला पीळ दिलेला. बाजारातला तयार बोळा त्यांना चालत नसे. आता तो काळपट झाला होता.

"मावशी, हा..." छोटी मला म्हणाली. "हा बाजूला ठेवूया का? एखाद्या बाटलीत?"

मोठ्या डॉक्टरांचा दंडक होता, तोंडातून निघालेलं काहीही टेबलावर राहता कामा नये, तडक कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. एकदा मी विसरले होते, तर पेशंटसमोर माझी हजेरी घेतली होती त्यांनी. मी छोटीकडे बघत राहिले, छोटी ताटलीकडे.

वहिनींनी सुन्न ओठांनी कसंबसं म्हटलं, "टाक गं. ह्यांनी टाकलं असतं."

मी टाकला. पिशवीचं तोंड नेहमीसारखं बांधलं. गाठ मात्र बसता बसेना.

त्या दिवशी छोटीने मुळं पुन्हा धुतली, औषध भरलं, बंद केलं. वहिनी पुढे आठ-दहा दिवसांनी आल्या त्या अगदी गप्प गप्प. मी दोनदा चिडवून बघितलं, डोळेही वटारले नाहीत. ठणका उतरला होता, आणि जाता जाता त्यांचा नवराही घेऊन गेला होता. रात्री झोप लागते का विचारलं तर म्हणाल्या, "लागते. तेच तर."

मुळं कोरडी होती. छोटीने ती भरली. मग वरून थोडं भरण कोरून काडीपुरती जागा केली, तळाला बूच तेवढं ठेवलं. ही काडी म्हणजे काचेच्या धाग्यांची, दुधी रंगाची, आगपेटीतल्या काडीहून बारीक. पूर्वी धातूचा खिळा बसवायचे. तो दातापेक्षा कडक, मग एखाद्या दिवशी दातच उभा चिरायचा. ही काडी दाताबरोबर जरा लवते. पोकळ दाताच्या आत ती चिकटवायची आणि तिच्या आधाराने वरचा पडका भाग बांधून काढायचा.

चिकटवायच्या आधी छोटी थांबली. "मावशी, लवंगतेलाचा अंश राहिला तर गोंद धरत नाही. सगळा वास जायला हवा. बघ बरं."

तिने स्पिरिटने आत पुसलं आणि कापूस माझ्या नाकाशी धरला.

"येतोय," मी म्हटलं.

पुन्हा पुसलं. वहिनींनी माझं मनगट पकडलं होतं. कापूस बाहेर आला की पकड घट्ट व्हायची.

"येतोय अजून."

छोटीने तिसऱ्यांदा पुसून कापूस पुढे केला. आपण एका माणसाला पुसून काढतोय आणि आपल्यालाच विचारताहेत, गेला का? पण काम ते काम. काडी धरली नाही तर दात जाणार, आणि वहिनींनी एवढं सोसलेलं पाण्यात. मी मास्क खाली केला, डोळे मिटले आणि नीट हुंगलं. नुसतं स्पिरिट.

"गेला," मी म्हटलं.

वहिनींनी मनगट सोडलं.

छोटीने गोंद भरला, काडी आत सरकवली, मला दिवे घालवायला सांगितले. निळ्या उजेडाची नळी तिने काडीच्या टोकाला टेकवली. काडीतून उजेड थेट मुळापर्यंत उतरतो, म्हणूनच तर तळचा गोंदही पक्का होतो. अंधाऱ्या खोलीत तो दात आतून उजळला. त्याच्या भिंती, कडेची बारीक भेग, सगळं दिसलं. खिडकीच्या पडद्याआडून बाहेरच्या गाड्यांचे आवाज येत होते. कुठेतरी चाकं कुरकुरली. मी वळून बघितलं नाही. छोटीनेही नाही. उजेड विझला, मी दिवे लावले. डॉक्टरांचं स्टूल खुर्चीच्या उजव्या अंगाला येऊन थांबलं होतं.

छोटीने ते सरकवलं नाही. तिने दात बांधून काढला, घासला, चावून बघायला लावलं, परत घासला. टोपी पुढच्या खेपेला. मग आपलं स्टूल पायाने मागे लोटलं आणि वडिलांच्या स्टुलावर बसली. इतकी सहज, की तिचं तिला तरी कळलं का कोण जाणे. आरसा उलटा केला आणि दांड्याने दातावर टकटक केलं.

नेहमीसारखी गप्पच होती ती. आईच्या कपाळाकडे बघत होती. कपाळावर आठी नाही, डोळे स्थिर, वरच्या दिव्यावर लागलेले. छोटीने पुन्हा टकटक केलं. आणखी एकदा, जरा जोरात. मग तिने विचारलं,

"घरात कोणी आहे का?"

वहिनींची जीभ त्या दातापाशी गेलेली मला गालावरून दिसली. जिभेने दाबून बघितलं, परत दाबलं. मग वहिनींनी दोन्ही हात मांडीवर जुळवले आणि शाळेतल्या पोरीसारखं स्पष्ट उत्तर दिलं.

"कोणी नाही."

छोटीने मान हलवली. आरसा ताटलीत ठेवला. मी ताटली उचलली, आरसा उकळायला टाकला आणि बाहेरच्या बाकावर कोण बसलंय ते बघायला दार उघडलं.