फाटकाची कडी

मित्रोवदानच्या सणाच्या सकाळी विदोसावा मागच्या खोलीत बसून उकडलेला गहू हाताच्या यंत्रातून काढत होती. त्यात अक्रोड आणि साखर मळून गोल रास करायची, वर पिठीसाखर भुरभुरायची. घराच्या संताचा दिवस, स्लावा, या गोड गव्हाशिवाय साजरा होतच नाही. तीस वर्षं हे काम तिनं स्वयंपाकघरात, बायकांच्या गलक्यात केलं होतं. यंदा ती एकटी होती. खिडकीला जाड पडदा होता आणि डोक्याला रुमाल. रुमालाखाली कानापासून कपाळापर्यंत टाक्यांची वळणदार रेघ होती.

गावाच्या लेखी विदोसावा घरात नव्हतीच. सांधेदुखीसाठी ती गरम झऱ्यांवर राहायला गेली आहे, असं तिची सासू क्रुनिया हिनं उन्हाळ्यातच सगळ्यांना सांगून टाकलं होतं. शुमादिया भागातल्या त्या गावात तिच्या खऱ्या दुखण्याला, गाठीला, नुसतं ‘तो आजार’ म्हणत, आणि गाठ डोक्यातली असली तर तेवढंही म्हणत नसत. त्या घरात वेड आहे, कुणाचं तरी पाप फेडताहेत, असं लोक बोलत.

घरातही बोलणं आटलं होतं. शस्त्रक्रियेनंतर विदोसावाचे शब्द अडायचे. वस्तू डोळ्यांसमोर असायची, नाव मात्र सापडायचं नाही. तिचा नवरा तिहोमिर आधी तिची वाक्यं पुरी करायचा. मग तो मान हलवायला लागला. आता जेवणाचं ताट ठेवून तो डुकरांना चारा घालायला निघून जाई.

तिला जुन्या स्लावा आठवत. फाटक पहाटेच उघडायचं. स्लावेचं आमंत्रण कुणी देत नाही. यायचं तो येतो, दारातच चमचाभर गहू खातो आणि चमचा पाण्याच्या पेल्यात टाकून आत वळतो. दुपारपर्यंत पेल्यात चमचे मावत नसत. शेजारचा मिलोये गळ्यात अकॉर्डियन अडकवून कुंपणावरूनच उडी मारायचा, फाटकापर्यंत जायचा त्याला धीर नसे. तो मिलोये वसंतात व्हिएन्नाला गवंडीकामाला गेला आणि तिकडच्या एका बाईचाच झाला म्हणे. त्याची बायको ल्यूबिंका दुकानात आली की बायका एकमेकींना कोपरानं ढोसत.

क्रुनिया आत आली. "झाला गहू?"

"झाला. आई, फाटक?"

"कडी लावलीय. घरधनीण गावाला गेलीय, यंदा स्लावेचा पाव घरातल्या घरात कापतो म्हणून सांगितलंय."

"तुम्हीच मला... पहिल्या वर्षी... आज कडी लावली तर संत बाहेर राहतो म्हणाला होतात."

"संताला माहीत आहे गं घरात काय आहे. गावाला कळायला नको." म्हातारीनं पडद्याची फट सारखी केली. मग सुनेच्या खांद्यावरची शाल नीट करत हळूच म्हणाली, "मी काय तुझी वैरीण आहे का? तू चर्चमध्ये झटका येऊन पडलीस तेव्हा लोक कसे मागे सरले, ते मी पाहिलंय."

ती गेल्यावर फोन वाजला. झागोर्काचा होता. विदोसावा शहरातल्या रुग्णालयात असताना ती शेजारच्या वॉर्डात तपासणीला यायची. तिचीही गाठ काढली होती, बऱ्याच वर्षांपूर्वी. आता असेच पाचसात जण मिळून गावोगाव जात, आजाराबद्दल लोकांशी मोकळेपणी बोलत, तपासणीसाठी ताटकळणाऱ्यांची बाजू घेऊन अधिकाऱ्यांशी भांडत.

"स्लावेच्या शुभेच्छा, विदा! पाहुणे किती?"

विदोसावानं बंद पडद्याकडे पाहिलं.

"बरं. बसलीयस कुणाबरोबर?"

"ग... गव्हाबरोबर."

झागोर्का खळखळून हसली, आणि मग तिचा आवाज उतरला. "डॉक्टरांनी तुझी गाठ काढली, बाई. या खोलीतून तुला कोण काढणार?"

"तुम्ही या."

"येऊ की! पण गावातल्या कुणी चारचौघांत बोलावलं तरच. न बोलावता यायला आम्ही काही स्लावेचे पाहुणे नाही."

पलीकडच्या खोलीतून मेणबत्ती लागल्याचा वास आला. स्लावेचा पाव हातात धरून गोल फिरवताना घरातल्या सगळ्यांचे हात त्याला लागावे लागतात. विदोसावा दारापर्यंत आली, तोवर मायलेकांनी पाव फिरवून मोडलाही होता. तिला कुणी हाक मारली नव्हती. तिहोमिरनं तिला पाहिलं आणि हातातल्या पावाकडे बघत तसाच उभा राहिला.

तिनं गव्हाचं ताट उचललं, चमचे घेतले आणि ती अंगणात गेली. रुमाल सकाळपासून खाजत होता, तो तिनं काढून कुंपणावर टाकला.

"विदा, आत चल!" तिहोमिर मागं धावला. "लोक बघतील."

"बघू दे. आज... बघायलाच... येतात ना?"

तिनं कडी काढली आणि फाटक पूर्ण उघडलं. तिहोमिर परत बंद करायला पुढे झाला, पण त्याचा हात फळीवर नुसताच राहिला.

रस्त्यानं माणसं चालली होती. सुताराची बायको थबकली, तिनं छातीवर क्रॉस काढला आणि दुकानात काहीतरी विसरल्यासारखी मागे वळली. दोन म्हातारे रस्ता ओलांडून पलीकडून गेले. वाऱ्यानं पिठीसाखर उडत होती. विदोसावा ताट धरून उभी होती, पण चमचे तसेच कोरडे होते.

मग शेजारच्या फाटकातून ल्यूबिंका आली. तिनं चमचाभर गहू खाल्ला. तिची नजर त्या वळणदार रेघेवर थांबली.

"डावीकडे होती?"

"हो."

"त्याला उजवीकडे आहे."

"कुणाला?"

"कुणाला म्हणजे? मिलोयेला. कुठली व्हिएन्ना नि कुठली बाई! मागच्या खोलीत आहे तो, तुझ्या खिडकीसमोर. नवऱ्यानं टाकली म्हणून हसतात, हसू देत म्हटलं. ते सोसवतं. त्याला वेडा म्हटलेलं मला सोसवलं नसतं."

समोरचा तो पडदा विदोसावा कित्येक महिने बघत होती. तिथे अडगळीची खोली असेल, असं तिनं धरलं होतं.

"त्याच्यासाठी थोडा गहू देतेस? शालीआड नेते."

"नाही," विदोसावा म्हणाली. या वेळी शब्द अडला नाही. "मीच येते. रस्त्यानं."

उघड्या डोक्यानं, ताट पुढे धरून ती भर रस्त्यातून निघाली. खिडक्यांमागे माणसं हलली. मागून क्रुनियाचा आवाज आला, "अगं, चमचे कशात टाकाल? पेला कोण नेणार? तिहोमिर, उभा काय राहिलास खांबासारखा!"

मिलोये भिंतीकडे तोंड करून पडला होता. अकॉर्डियन पलंगाखाली होता. तो सावकाश वळला. तिच्या डोक्याकडे त्यानं इतका वेळ पाहिलं की ल्यूबिंकानं तोंड फिरवलं.

"तुलाही?" त्यानं विचारलं.

विदोसावानं त्याच्या ओठांशी गव्हाचा चमचा धरला. दारात तिहोमिर पाण्याचा पेला दोन्ही हातांत धरून उभा होता. चमचा त्यात पडल्याचा आवाज झाला.

तिनं ल्यूबिंकाचा फोन मागितला आणि झागोर्काचा नंबर लावला. खिडकीचा पडदा ती दुसऱ्या हातानं ओढत होती. बाहेर गल्लीतली घरं दिसली, आणि त्यांच्या मागच्या खोल्यांच्या पडदे लावलेल्या खिडक्या.

"झागोर्का, मी बोलावतेय. सगळ्यांना घेऊन या," ती म्हणाली. "आम्ही दोघं आहोत. आणखीही असतील. या गावात... पडदे पुष्कळ आहेत."