दांडीपलीकडचा वाफा

गोदावरीने खुरपे जमिनीत मारले आणि ते मुठीपर्यंत आत गेले.

माती दगडासारखी झालेली असणार असे धरून तिने सगळा जोर लावला होता. त्यामुळे तिचा तोल गेला आणि डावा हात वाफ्यात टेकला. वर घेऊन पाहिला, तर तळवा चिखलाने माखलेला. ओला, गार चिखल. आणि या परसात साडेतीन महिने कोणी पाऊल ठेवलेले नव्हते.

मार्गशीर्षात आळीत उंदीर पडायला लागले, तशी सगळी आळी घरांना कुलपे लावून उठली होती. तिचे यजमान चिंतामणी, ती आणि मुले माळावरच्या झोपडीत गेली. धाकटा दीर कमलाकर बायकोमुलांना आणि म्हाताऱ्या आत्याबाईंना घेऊन माळशिरसला सासुरवाडीला गेला. यंदा थंडी संपता संपेना. माघ सरला तरी झोपडीपुढे शेकोट्या पेटत होत्या, आणि घागरीतले पाणी सकाळी हाताला चावत होते. रंगपंचमी झाल्यावर प्लेग हटल्याची दवंडी आली. मुलांना झोपडीत शेजारणीच्या हवाली करून ती दोघे आज घर झाडायला आली होती. चिंतामणी पुढच्या खोल्यांतून गंधकाची धुरी देत होता. ती बोळातून थेट परसात आली होती. ओटीत भेंडी-गवारीचे बी होते. आज निदान दोन वाफे उकरून ठेवू, एवढेच तिच्या मनात होते.

ती उठली. मेथी दोन बोटे वर आली होती, म्हणजे पेरून दहा-बारा दिवस झालेले. पलीकडे तिच्याआधीची मेथी खुडून नेलेली होती, बुडखे ताजे. वांग्याच्या पाच झाडांना काठ्यांचे आधार होते. कढीलिंबाच्या खोडाला, तान्ह्या मुलाला थंडीत गुंडाळावे तसे, गोणपाट गुंडाळलेले होते. तिच्या हातून हे सारे इतके नीट कधी झाले नसते.

शेजारचा महादेवप्पा? तो तर पौषात माळावरच गेला, त्याच्या तिरडीला चिंतामणीने खांदा दिला होता.

परसाच्या कडेला लाकडे-शेणी ठेवायची खोली होती. तिचे दार लोटलेले होते. गोदावरीने ते ढकलले. आत तीन दगडांची चूल होती. तिने वाकून राखेवर हात धरला आणि चटकन मागे घेतला. राख गरम होती. खुंटीवर जपाची माळ होती, आणि भिंतीशी पितळेचा एक गडवा उपडा घातलेला होता. त्याच्या काठाला पोचा होता. तो पोचा तिच्याच हातून, लग्नाच्या पहिल्या वर्षी, आडाच्या कठड्यावर पडून आलेला. त्याबद्दल आत्याबाई आठ दिवस तिच्याशी बोलल्या नव्हत्या.

गडवा हातात घेऊन ती बाहेर आली. तेवढ्यात बोळातून आवाज आले. कमलाकर स्टेशनावरून टांग्याने आला होता, एकटाच, घराची अवस्था बघायला. चिंतामणी त्याला परसाकडे घेऊन येत होता.

"वहिनी, सगळे खुशाल ना?" कमलाकर म्हणाला. "आणि आत्या कुठाय? झोपडीतच ठेवलीत होय?"

चिंतामणी हसला. "अरे, आल्या आल्या थट्टा सुरू! आत्या तुझ्याकडे ना?"

कमलाकर हसला नाही.

"दादा, निघायच्या दिवशी ती मला म्हणाली, मी देवळातून परस्पर चिंतामणीच्या गाडीत बसते, तू नीघ. तुझी गाडी तिकडूनच जाणार होती."

"मला म्हणाली, मी कमळूबरोबर माळशिरसला जाते. तिकडं थंडी बाधायची नाही."

"मी पत्रं लिहिली की रे! चार पत्रं लिहिली."

"मीही लिहिली."

"प्रत्येक पत्रात वडीलधाऱ्यांस साष्टांग नमस्कार लिहिला."

"मीही तेच लिहिलं, कमळू. सगळेच लिहितात." चिंतामणी म्हणाला. "आपल्याकडं वडीलधारं म्हणजे आत्या सोडून आहे कोण आता?"

तो न्हाणीच्या पायरीवर बसला. त्याच्या हातातली गंधकाची वाटी कलंडली, तिकडे त्याचे लक्ष नव्हते.

"त्या इथं होत्या," गोदावरी म्हणाली. तिने गडवा पुढे केला.

"होत्या म्हणजे?"

"चूल अजून गरम आहे."

मग कमलाकर कुंपणाच्या दिंडीतून मागच्या आळीत धावला आणि चिंतामणी पुढच्या दाराने देवळाकडे. "आत्या, अगं आत्या!" अशा हाका रिकाम्या घरांवर आपटून परत येत होत्या.

गोदावरी एकटी उरली. म्हातारे माणूस, घेरी येऊन पडले असले तर जवळच कुठेतरी असेल. तिने आडात डोकावून पाहिले. पाणी स्वच्छ होते. न्हाणीत पाहिले. मग राहिली ती न्हाणीमागची जागा.

तिथे आत्याबाईंची दांडी होती. सोवळे वाळत घालायची दांडी, आणि तिच्यापलीकडे कुंपणापर्यंतचा चिंचोळा तुकडा. बारा वर्षांत गोदावरीने ती दांडी ओलांडली नव्हती. मुलांचा चेंडू पलीकडे गेला तर तो आत्याबाईच काठीने अलीकडे ढकलत. आज दांडीवर काही नव्हते. गोदावरी वाकून पलीकडे गेली.

आत्याबाई तिथे नव्हत्या. तिथे कांदे होते.

पाच हात लांब, दोन हात रुंद वाफा. एक वीत अंतरावर आखल्यासारख्या ओळी. हिरव्या नळकांड्यांसारखी पात गुडघ्याला आलेली, आणि बुडाशी मातीतून अर्धे वर आलेले लाल कांदे, मुठीएवढे.

आत्याबाई अकराव्या वर्षी विधवा होऊन या घरी परत आल्या होत्या. या घरात कांदा पडवीतल्या वेगळ्या चुलीवर शिजे. त्याचा वास आला की त्या नाकाला पदर लावून उठून जात.

गोदावरी उकिडवी बसली. सांगोल्याला माहेरच्या मळ्यात कांदा असायचा, त्याची वाढ तिला दिवसांनिशी ठाऊक होती. एवढा कांदा पोसायला, लावणीपासून साडेतीन महिने. म्हणजे लावणी झाली ती सगळे गेले त्याच आठवड्यात. इथवर ठीक होते. एकट्या पडलेल्या माणसाने मिळेल ते लावले, असे म्हणता आले असते. पण लावणीला रोप लागते.

तिने मान वळवली. कुंपणाशी दगडाची मोडकी डोण होती. तिच्यात माती होती, वर कुजलेले पाचट, आणि पाचटातून दाटीने वर आलेली, सुतळीएवढी बारीक राहिलेली, लावणीतून उरलेली कांद्याची रोपे.

रोप तयार व्हायला सहा-सात आठवडे. तिने बोटांवर मोजले. मार्गशीर्ष, कार्तिक, आश्विन. पुन्हा एकदा मोजले. नवरात्र. आळीत पहिला उंदीर पडला तो दिवाळीनंतर, पण स्टेशनाकडून प्लेगची बातमी नवरात्रातच आली होती. तेव्हा ती स्वतः झोपडीसाठी चटया आणि पीठ जमवू लागली होती. त्याच दिवसांत आत्याबाई रोज सकाळी एक तांब्या पाणी घेऊन दांडीपलीकडे जात. "काय लावलंय?" असे तिने विचारले होते. "शेपू," त्या म्हणाल्या होत्या.

म्हणजे आत्याबाईंना कोणी विसरले नव्हते. मागे राहायचे त्यांनीच तेव्हापासून ठरवले होते.

तिने डोणीचा काठ धरला.

दिंडी करकरली. आत्याबाई आत आल्या. कमरेवर रिकामी कळशी, अनवाणी पाय, उन्हाने रापलेला चेहरा. पदर खांद्यावर घसरला होता आणि डोक्यावर पांढरे केस होते. अडीच-तीन बोटे लांब, पातळ, मागे सारलेले. गोदावरीने त्यांना केसांसह कधीच पाहिले नव्हते. क्षणभर तिला ही कोणी परकी बाई वाटली.

आत्याबाईंनी दांडीकडे पाहिले आणि दांडीपलीकडे बसलेल्या तिच्याकडे पाहिले.

"ओवळ्यानं तिकडं गेलीस?"

"तुम्हाला शोधत होते. पडल्याबिडल्या असाल म्हणून."

"मी कशाला पडतेय? आळीतल्या तुळशींना पाणी घालून आले. अकरा होत्या. नऊ जगल्या." त्यांनी कळशी खाली ठेवली. "आणखी आठ दिवस तुम्ही येत नाही असं वाटलं होतं."

गोदावरीने डोणीकडे बोट केले.

"बी दसऱ्याला टाकलंत?" तिच्या तोंडून निघाले.

"अष्टमीला."

"प्लेगचं गाव, आत्याबाई! एकट्या! काही झालं असतं म्हणजे?"

"माळावर काय कमी मेले?" आत्याबाई पायरीवर टेकल्या. "पहिले आठ दिवस भीती वाटली. रात्री कुत्रीसुद्धा भुंकत नव्हती. मग सवय झाली. मग बरं वाटायला लागलं."

"आणि हे... खाल्लेत?"

"एकसुद्धा उपटला नाही अजून. पातीच्या माना पडल्याशिवाय कांदा काढायचा नसतो, तुला ठाऊक नाही का मळ्यातल्या पोरीला?" त्या वाफ्याकडे बघत होत्या. "लहानपणी खाल्लेला. चव गेली गं सगळी. वास तेवढा आठवतो."

बोळात पावले वाजली. गोदावरी दांडीखालून घाईघाईने अलीकडे आली. आत्याबाईंनी पदर डोक्यावर ओढला, पण तोवर दोघे भाऊ समोर आले होते. दोघांनीही ते केस पाहिले आणि दोघांनीही माना खाली घातल्या.

चिंतामणीने पुढे होऊन त्यांच्या पायांवर डोके ठेवले. तो रडत होता.

"ऊठ रे," आत्याबाई म्हणाल्या. "शाळेत मास्तर ना तू? आणि हा कमळू जाड झालाय बघ सासुरवाडीला."

"आत्या, तू मला म्हणालीस दादाकडं जाते म्हणून."

"मला म्हणालीस कमळूकडं."

आत्याबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिले.

"म्हणाले असेन," त्या म्हणाल्या.

कमलाकरने भावाला बाजूला घेतले. हलक्या आवाजात बोलत होता, पण परस लहान होते.

"दादा, वयानं डोकं ठिकाणावर राहत नाही. आपलीच चूक झाली. यापुढं एक क्षण एकटं सोडायचं नाही. रात्रंदिवस कोणीतरी जवळ पाहिजे. आणि उद्या सकाळी पहिल्यांदा न्हावी."

चिंतामणी डोळे पुसत मान हलवत होता.

आत्याबाईंना सगळे ऐकू आले. त्या मांडीवरची माती झटकत बसल्या होत्या. एक शब्द पुरला असता, आणि त्यांचे डोके किती ठिकाणावर आहे ते भावांना कळले असते. त्या बोलल्या नाहीत. वेड्या ठरवून घ्यायला त्या तयार होत्या. गोदावरीच्या तळव्यावरचा चिखल वाळून ओढ देऊ लागला होता.

"हात धुतो जरा, टांग्यातली धूळ बसलीय," असे म्हणत कमलाकर न्हाणीला वळसा घालून मागे निघाला. "मागच्या डोणीत पाणी असेल ना?"

आत्याबाईंचा हात मांडीवरच थांबला.

"भावजी!" गोदावरी म्हणाली. आवाज तिच्या अपेक्षेपेक्षा मोठा निघाला. "तिकडं नको. आत्याबाईंचं सोवळं वाळत घातलंय."

कमलाकरने उचललेले पाऊल जागच्या जागी मागे घेतले. लहानपणापासूनची सवय होती. दांडीकडे त्याने पाहिलेसुद्धा नाही. आडावर जाऊन त्याने हात धुतले आणि दोघे भाऊ धुरी पुरी करायला घरात गेले.

दांडी रिकामी होती.

आत्याबाई उठल्या. लाकडांच्या खोलीत जाऊन त्यांनी घडी केलेले, नेसायचे तांबडे आलवण आणले, बादलीत बुचकळले, पिळले आणि काठीने उचलून दांडीवर टाकले. मग एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ते पुरते पसरले. खालचा काठ मातीला टेकेल इतका त्यांनी तो ओढून घेतला. पलीकडचे आता काही दिसत नव्हते.

गोदावरीजवळून जाताना त्या थांबल्या, पण तिच्याकडे पाहिले नाही.

"आठ दिवसांत माना पडतील. आज-उद्या एक पाणी दे, मग बंद. मला आता कोणी इकडं येऊ द्यायचं नाही."

गोदावरीने मान हलवली. तिने खुरपे उचलले. ओटीतले भेंडीचे बी काढताना चार-पाच दाणे भलतीकडेच सांडले. ते वेचून घेऊन ती दांडीच्या अगदी अलीकडच्या वाफ्यात बसली, आलवणाकडे पाठ करून, घराच्या दाराकडे तोंड करून.