दारातला चौथा जोडा

मित्रांनो, मी एक जुना लाकडी जोडा आहे. दिसायला गरीब, पण एकदा मी एका चांगल्या माणसाच्या जिवावर उठलो होतो. त्यात माझा दोष नव्हता, तरी ऐका.

माझा जन्म युरोपातल्या, समुद्राकाठच्या फ्रिसलंड मुलखातला. विलोच्या ओल्या लाकडातून मला राइन्डर नावाच्या शेतकऱ्यासाठी कोरलं. त्याचे पाय चांगलेच मोठे होते. आमच्याकडे जोडे दाराशी काढूनच घरात शिरतात आणि त्याची बायको हिल्त्ये या बाबतीत भलतीच कडक. राइन्डर वारला आणि मी माळ्यावर धूळ खात पडलो.

मग युद्ध आलं आणि जर्मनांनी आमचा मुलूख ताब्यात घेतला. एका पहाटे आमच्या कुरणात हवाई छत्रीने एक इंग्रज उतरला. क्लिफर्ड त्याचं नाव. पेटलेल्या बाँबफेकी विमानातून तो एकटाच वाचला होता. अशा माणसाला लपवणाऱ्यांना जर्मन गोळ्या घालत. घरात हिल्त्ये, तिची लेक फ्रौक्ये आणि म्हातारे सासरे. हिल्त्येने फार विचार केला नाही. त्याचे सैनिकी बूट तिने पुरून टाकले आणि मला खाली उतरवलं.

माझ्यात पाय घालून तो असा चालायचा की गाईसुद्धा वळून बघत.

"विमानातून एकदाच पडला," फ्रौक्ये म्हणायची, "अंगणात रोज पडतो."

एकदा तो मला घालूनच पुसलेल्या फरशीवर आला. हिल्त्येने त्याची अशी खरडपट्टी काढली की तेव्हापासून तोही मला दाराशी काढू लागला. फ्रौक्ये मला लगेच उचलून गवतात दडवायची.

एका दुपारी सैनिकांची गाडी अंगणात वळली. क्लिफर्ड गोठ्यातून धावत सुटला आणि भिंतीत कपाटासारख्या बसवलेल्या पलंगामागच्या पोकळीत शिरला. पण धावता धावता मला मात्र दारातच काढून गेला! घरात माणसं तीन, दारात जोडे चार. एका सैनिकाने मला बुटाने ढोसलं आणि हा कुणाचा म्हणून विचारलं.

"माझा," हिल्त्ये म्हणाली. "शेणातला. चांगला जोडा घालून शेणात कोण जातं?"

"मग चालून दाखव."

तिने माझ्यात पाय घातले, फावडं उचललं, उकिरड्यापर्यंत गेली, शेण ओढलं आणि कुरकुरत परत आली. बाहेरून बघणाऱ्याला ती नुसती वैतागलेली दिसली. पण तिच्या पायाच्या बोटांनी मला आतून भीतीने घट्ट धरलं होतं. एवढ्या मोठ्या जोड्यात ती एकदाही अडखळली नाही. धन्य ती बाई! सैनिकांनी घर उलटंपालटं केलं आणि हात हलवत निघून गेले.

क्लिफर्ड बाहेर आला तशी ती कडाडली. "जीव घेऊन पळताना जोडे काढतात का रे, वेड्या?"

"तुम्ही फरशी पुसली होती," तो मोडक्यातोडक्या भाषेत म्हणाला.

हिल्त्ये पायरीवर बसली, खूप हसली आणि मग खूप रडली. युद्ध संपेपर्यंत तो तिथेच राहिला.

मित्रांनो, हिल्त्येला भीती ठाऊकच नव्हती, असं गाव आजही म्हणतं. तुम्ही कुणाबद्दल असं म्हणू नका. धीट माणूसही घाबरतो, त्याला एकटं सोडू नका. त्या दिवशी हिल्त्ये रडली तेव्हा फ्रौक्ये, सासरे आणि क्लिफर्ड असे तिघंही तिच्या शेजारी पायरीवर बसून राहिले. तेवढं तुम्हीही करा.