इंदूबाईंनी झडप लावली होती

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी झडप आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्यासारखी झडप पाहिली नसेल, म्हणून आधी माझे काम सांगते.

अलिबागच्या वरच्या अंगाला, खाडीला लागून धाकटेखार नावाचे गाव आहे. तिथली भातशेते भरतीच्या पाण्यापेक्षा खाली आहेत. म्हणून गावाने खाडीच्या कडेने मातीचा उंच बांध घातला होता. शेतात साचलेले पावसाचे पाणी बाहेर सोडायला त्या बांधात एक दगडी तोंड ठेवले होते. त्याला उघाडी म्हणतात. त्या तोंडावर मी टांगलेली होते. ओहोटी लागली की आतले गोडे पाणी मला ढकलून खाडीत जायचे. भरती आली की खाडीचे पाणी मला दाबून बंद करायचे. एवढेच माझे काम. पण ते एकदा जरी चुकले तरी खारे पाणी शेतात शिरते, आणि मग दोन-तीन वर्षे तिथे भात पिकत नाही.

एकोणीसशे त्र्याऐंशी साली येसाजी सुतारांनी मला सागाच्या जाड फळ्यांतून घडवले. खर्च ग्रामपंचायतीने केला. मला बसवायला बारा माणसे लागली. गावचे सरपंच बुधाजी तेव्हा तरुण होते. त्यांनी कमरेइतक्या चिखलात उतरून मला खांदा दिला. सगळे झाल्यावर नारळ फोडला आणि खोबऱ्याचा पहिला तुकडा रामजींच्या हातावर ठेवला.

रामजी म्हणजे मला सांभाळणारे. ते बौद्धवाडीत राहत. त्यांचे वडीलही उघाडी सांभाळत. त्याबद्दल त्यांना सुगीच्या वेळी खळ्याखळ्यावर जाऊन उभे राहावे लागे आणि शेतकरी देईल ते सुपातले भात घोंगडीत घ्यावे लागे. रामजींनी ग्रामसभेत उभे राहून सांगितले होते, "मी घोंगडी पसरनार न्हाय. मना पंचायतीचा नोकर करा, पगार द्या." सभेत गडबड झाली. तेव्हा बुधाजींनी स्वतः ठराव मांडला आणि तो मंजूर करून घेतला. ही गोष्ट रामजींनी माझ्या बिजागऱ्यांना वंगण लावता लावता कितीतरी वेळा सांगितली. सांगताना त्यांचा आवाज दरवेळी थोडा चढायचा.

ते माझे सुखाचे दिवस होते. ओहोटीला पाणी सुटले की त्याबरोबर कोळंबी, चिंबोऱ्या, क्वचित एखादा जिताडा बाहेर पडायचा. पोरे जाळी लावायची. बायका टोपल्या घेऊन बांधावर यायच्या. रामजींच्या बायको इंदूबाई पावसाळ्यात बांधाच्या उतारावर काकड्या आणि शिराळी लावायच्या. काकडी द्यायची आणि कोळंबी घ्यायची, कोणी रोख पैसे द्यायचे, कोणी "उद्या देते गो" म्हणायचे. बघता बघता माझ्या डोक्यावर एक छोटा बाजारच भरू लागला. शाळेचे गुरुजी मुलांना घेऊन यायचे आणि म्हणायचे, "तुमच्या ताटातला भात या झडपेमुळे आहे." मुले टाळ्या वाजवायची. मला फार अभिमान वाटायचा.

रामजी आजारपणात गेले. दुसऱ्याच दिवशी भरतीच्या वेळी इंदूबाई एकट्या बांधावर आल्या. त्यांनी माझ्याखाली अडकलेली फांदी काढली, फट चिखलाने लिंपली आणि मग तिथेच बसून रडल्या. पंचायतीने रामजींची जागा त्यांना दिली. तो ठरावही बुधाजींनीच मांडला होता. इंदूबाई त्यांना बुधादादा म्हणायच्या. दिवाळीला बुधाजींच्या घरून त्यांच्याकडे फराळ यायचा.

पुढे पंचायतीने उघाडीवर मासे धरण्याचा लिलाव सुरू केला. शाळेचे छप्पर गळत होते, उत्पन्न हवे होते. त्यात वाईट काही नव्हते. लिलाव बुधाजींच्या मुलाने, दिपेशने घेतला. दिपेशही वाईट नव्हता, पण त्याला सगळ्याची घाई असायची. ओहोटीची वाट पाहण्यापेक्षा भरतीलाच मला उघडे ठेवले, तर खाडीतले मासे आपोआप आत येतात, हे त्याच्या ध्यानात आले. तो माझ्याखाली एक जाड वासा घालू लागला. शेताच्या कडेचे भात पिवळे पडायला लागले.

इंदूबाईंनी एक दिवस त्याला अडवले. "दिपेश, झडपेखाली वासा घालायचा न्हाय."

"काकी, पंचायतीचा लिलाव घेतलाय मी."

"लिलाव माशांचा घेतलास. पान्याचा न्हाय."

त्यांनी वासा ओढून काढला, खांद्यावर घेतला आणि तशाच बुधाजींच्या अंगणात नेऊन टाकला. बुधाजींनी मुलाची चांगली कानउघाडणी केली. नंतर कित्येक महिने वासा दिसला नाही.

आता मित्रांनो, मी त्या दुपारीबद्दल सांगते. दोन हजार सोळा सालचा श्रावण संपत होता. अमावास्या होती, म्हणजे भर दुपारी मोठे उधाण येणार होते. शेतातले भात पोटरीला आले होते. इंदूबाई सकाळीच आल्या. त्यांनी मला घट्ट लावले, आडवा अडसर घातला, खालच्या फटीत पेंढा कोंबला आणि त्यावर चिखल थापला. मग दोन्ही हातांनी मला हलवून पाहिले. मी हलले नाही. बाजाराचा दिवस होता, म्हणून त्या काकड्यांची टोपली डोक्यावर घेऊन गेल्या. वाटेत त्यांना छत्री घेऊन बांधाकडे निघालेले बुधाजी भेटले. लांबून मला दोघे दिसले. इंदूबाईंनी माझ्याकडे हात करून काहीतरी सांगितले, बुधाजींनी मान हलवली.

पण बुधाजी वाटेत आपल्या शेतात पाणी बघायला थांबले, आणि त्यांच्या आधी दिपेश माझ्यापाशी पोचला. एका व्यापाऱ्याची बर्फाची गाडी रस्त्यावर उभी होती आणि त्याला माल हवा होता. दिपेशने अडसर काढला, पहारीने मला उचलले आणि वासा खाली सारला. खाडीचे पाणी घुसू लागले.

"दिप्या! काढ तो वासा! आज उधान हाय!" बुधाजी बांधावरून ओरडत आले.

"पाचच मिनिटा, बाबा."

पाच मिनिटांनी वासा हलेना. पाण्याने मला त्याच्यावर असे दाबले होते की तो माझ्या लोखंडी पट्टीत रुतून बसला होता. दोघे बापलेक पाण्यात उतरून ओढू लागले. मी स्वतःला वर उचलायचा किती प्रयत्न केला! पण झडपेला पाणी उचलेल तेवढेच उचलता येते. पाणी माझ्या दोन्ही बाजूंनी घुसले. आधी एक दगड निखळला, मग दुसरा, आणि मग बांधाचा मोठा तुकडा खचला. माझ्या बिजागऱ्या तुटल्या. मी भाताच्या शेतात फेकली गेले. वासा कुठे वाहून गेला ते कळलेच नाही. खाडी सगळ्या शेतांत पसरली.

दिपेश उरलेल्या बांधावर गुडघे टेकून रडत होता. "बाबा, लोक मना मारून टाकतील."

बुधाजींनी पाण्याकडे पाहिले. मग म्हणाले, "गप. मागच्या वाटेनं घरी जा."

चार दिवसांनी तालुक्याहून साहेब पंचनाम्याला आले. मी तिथेच चिखलात पडले होते. सगळा गाव जमला होता. साहेबांनी विचारले, झडप लावायचे काम कोणाचे? सगळ्यांनी इंदूबाईंकडे पाहिले.

"मी लावली व्हती साहेब," इंदूबाई म्हणाल्या. "अडसर घातला, फट बुजवली."

"मग उघडली कशी?"

"ते मना न्हाय म्हाईत. पन मी लावली व्हती." त्या वळल्या. "बुधादादा, मी सांगितला तुमाला वाटेत. तुमी बांधावर येत व्हतात. सांगा ना साहेबांना."

बुधाजींनी छत्रीची मूठ दुसऱ्या हातात घेतली. ते म्हणाले, "मी उशिरा पोचलो. तवा झडप उघडीच व्हती."

इंदूबाई त्यांच्याकडे पाहतच राहिल्या. साहेबांनी लिहिले की, झडप लावण्याची जबाबदारी असलेल्या बाईंच्या हलगर्जीपणामुळे नुकसान झाले. पंच म्हणून पहिली सही बुधाजींनी केली. इंदूबाईंनी सही केली नाही. "माझ्या नवऱ्यानं मना सही शिकवली ती खोट्यावर करायला न्हाय," एवढेच त्या बोलल्या.

मला ओढून आणून पंचायतीच्या भिंतीला टेकवून ठेवले. तिथे मला उन्हाने भेगा पडल्या. समोरच आठवड्याचा बाजार भरायचा. इंदूबाईंचा पगार बंद झाला होता. त्या परसातल्या काकड्या घेऊन बाजारात बसायच्या. त्यांच्याकडून वर्षानुवर्षे काकड्या घेणाऱ्या तुळशीबाई एकदा समोरून गेल्या. इंदूबाईंनी हाक मारली, "तुळशे, कोवळ्या हायत गो."

तुळशीबाई न थांबता म्हणाल्या, "आमचा शेत बुडवलास. आता तुझ्या काकड्या तूच खा."

त्या दिवशी इंदूबाईंची टोपली भरलेलीच परत गेली. पुढच्या आठवड्यात त्या आल्या नाहीत. त्यांचा मुलगा प्रितम उरणला ट्रेलर चालवायचा. तो येऊन त्यांना घेऊन गेला. गाडीत बसण्यापूर्वी त्यांनी पंचायतीकडे एकदाही पाहिले नाही.

शेते खारी ती खारीच राहिली. पुढे तिथे तिवरे उगवली. कोणी जमिनी विकल्या, कोणी उरणला कामाला लागले. दिपेश सरपंच झाला. त्याने रस्ता केला, नळ आणले. पण उघाडीकडे तो पुन्हा कधी गेला नाही, असे लोक बोलत.

आठ वर्षांनी एका संध्याकाळी एक मुलगी पंचायतीच्या अंगणात आली. प्रितमची मुलगी दीक्षा. ती आता शिक्षिका झाली होती. बाकावर बुधाजी बसले होते. खूप थकले होते.

"आजोबा, मी इंदूबाईंची नात. आजी गेल्या महिन्यात गेली."

बुधाजींनी बाकावर सरकून तिला जागा केली.

"शेवटी शेवटी ती माणसं ओळखत नव्हती," दीक्षा म्हणाली. "डॉक्टर आले तरी त्यांना सांगायची, साहेब, मी झडप लावली व्हती. नर्सला पण तेच सांगायची. आजोबा, मला फक्त खरं काय ते हवंय. आजीने लावली होती का?"

बुधाजी म्हणाले, "लावली व्हती गो बाय. तिनं लावली व्हती." आणि ते लहान मुलासारखे रडू लागले. त्यांनी तिला सगळे सांगितले. वासा, गाडी, दिपेश, सगळे.

दीक्षाने डोळे पुसले. "उद्या ग्रामसभा आहे. मी अर्ज दिलाय, आजीचं नाव त्या नोंदीतून काढायला. हे उद्या सगळ्यांसमोर बोलाल?"

बुधाजींनी मान हलवली. हो म्हणून.

दुसऱ्या दिवशी अंगणात सभा भरली. ग्रामसेवकांनी अर्ज वाचला. सरपंच दिपेश खाली बघत होता. त्याने विचारले, "त्या वेळी कोणी प्रत्यक्ष काही पाहिलं होतं का?"

मला वाटले, आता माझे लाकूड फुटेल आणि आवाज बाहेर येईल. मी पाहिले होते! पण लाकडाला तोंड नसते.

बुधाजी काठी टेकत उभे राहिले. दीक्षाही उभी राहिली. त्यांनी तिच्याकडे पाहिले. मग मुलाकडे पाहिले. दिपेशने मान वर केली होती आणि त्याचा चेहरा त्या दुपारी होता तसाच झाला होता. बुधाजींचे ओठ हलले.

"मना घरी न्या," ते म्हणाले.

दोघांनी धरून त्यांना नेले. प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसल्याने अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला. माणसे उठली, खुर्च्या गोळा झाल्या. दीक्षा सगळ्यात शेवटी निघाली. चपला घालताना तोल जाऊ नये म्हणून तिने माझ्यावर हात टेकला. तो हात फार गार होता.

नंतर पंचायतीने भंगारासोबत माझाही लिलाव केला. नागावच्या एका होमस्टेवाल्याने मला घासून, पॉलिश करून, वर काच बसवून जेवणाचे टेबल केले. सुट्टीत तुमच्यासारखी मुले माझ्याभोवती बसतात, भेगांवर बोट फिरवतात आणि विचारतात, हे लाकूड कुठले?

मित्रांनो, जुन्या वस्तूंना तेलपाणी करा, असे मी तुम्हाला सांगावे अशी तुमची अपेक्षा असेल. ते करा, बरे असते. पण माझी विनंती दुसरी आहे. तुमच्या वर्गात, गल्लीत, घरात कधी एखाद्यावर न केलेल्या चुकीचा आळ येईल. तुम्ही खरे पाहिलेले असेल. दोषी तुमचा मित्र असेल, भाऊ असेल, किंवा मोठेपणी तुमचे स्वतःचे मूल असेल. तेव्हा फार जड जाईल. तरी तो माणूस जिवंत आहे तोवर, सगळ्यांसमोर, उभे राहून बोला. त्याच्या नातीच्या कानात सांगितलेले त्याच्या काही उपयोगी पडत नाही.

इंदूबाईंनी झडप लावली होती. पंचायतीच्या कपाटातला कागद अजूनही नाही म्हणतो.