डालग्याखालची कोंबडी

"सांग जा तुझ्या मालकिणीला," थोरली पिवळ्या कोंबडीला म्हणाली, "दुसऱ्याच्या वाफ्यात उकरायला येशील तर तंगडी मोडून हातात देईन!"

कोंबडीनं मान वाकडी करून सगळं ऐकून घेतलं आणि परत उकरायला लागली.

कुंपणापलीकडे धाकटी शेळीची धार काढत होती. तिनं शेळीच्या कानाशी, पण सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "ऐकलंस का गं? कोंबडीला आता जमिनीची हद्द शिकवायची. माणसांना अजून येत नाही ती!"

या दोघी सख्ख्या जावा. घरं शेजारी, परस शेजारी, मधे काट्याकुट्यांचं कुंपण. थोरलीनं धाकटीला खुरपं दिलं होतं, ते परत आलं तेव्हा मूठ निखळलेली होती. "मूठ आधीच हलत होती," असं धाकटीचं म्हणणं, "हलत होती, पण होती!" असं थोरलीचं. तेव्हापासून बोलणं बंद. लेकी बोले सुने लागे म्हणतात. इथं मधे घालायला लेकही नव्हती आणि सूनही, म्हणून जनावरं कामाला लावली होती. माझा ओटा दोन्ही परसांच्या समोर. हसू आलं की मी खोकायचो. त्या वर्षी सगळ्यांना वाटत होतं, मला दमा लागला.

भांडण कोंबडीवरून दिसत असलं तरी मूळ दुखणं पाण्याचं होतं. विहीर दोन्ही घरांत एकच. एक दिवस पाणी थोरलीचं, दुसरा दिवस धाकटीचं. ऊन तापायला लागलं की एक दिवसाआडच्या पाण्यावर भाजीची रोपं तग धरत नाहीत. मग वाफ्यावर वाळल्या पाल्याचं जाड पांघरूण घालायचं, म्हणजे ऊन मातीपर्यंत पोचत नाही आणि ओल टिकते.

गेल्या साली थोरलीनं हेच केलं होतं, पण घाईनं. गवत न काढता, माती न भिजवता, वरून पाला लोटून दिला. गवताला आयती गोधडी मिळाली. ते खाली मस्त झोपलं आणि धष्टपुष्ट होऊन वर आलं. माती कोरडी होती, ती पांघरुणाखाली कोरडीच राहिली. पांघरूण असलेलं जपतं, नसलेलं आणून देत नाही, हे शाळेत मुलांना मी एका वाक्यात शिकवतो. थोरलीला ते शिकायला वांग्यांचा अख्खा वाफा घालवावा लागला. पुढं वर्षभर ती दारावर भाजी विकत घ्यायची आणि पलीकडून आवाज यायचा, "शेळे, वाफे पाहा किती, आणि भाजी बघ विकतची!"

म्हणून यंदा तिनं मनाशी पक्कं केलं होतं. आधी गवत मुळासकट, मग माती भुसभुशीत, मग पोटभर पाणी, मग रोपं, आणि सगळ्यात शेवटी पाला. रोपं मडक्याच्या खापरात तयार होती. खोड लांबट व्हायला लागलं होतं. आठवडाभरात जमिनीत गेली नाहीत तर यंदाही वाफे रिकामेच.

खणायचं काम नवऱ्याचं होतं. त्याला सगळे उद्याराव म्हणायचे.

"अहो, वाफे खणताय ना?"

"उद्या बघतो की."

"काल पण हेच म्हणालात."

"मग? शब्द बदलला का मी?"

पाला मात्र त्यानं भरपूर गोळा केला, कारण ते काम झाडाच्या सावलीत बसून करता येतं.

शेवटी थोरलीनं स्वतः कंबर बांधली. एका वाफ्यातलं गवत काढता काढताच तिची ती कंबर गेली. तरी दात-ओठ खाऊन तो वाफा तयार केला, भिजवला, रोपं लावली, वर पाला अंथरला. संध्याकाळी कमरेवर हात ठेवून ती वाफ्याकडे अशी बघत होती, जणू लेकरू न्हाऊ-माखू घालून निजवलंय.

सकाळी धाकटीच्या कोंबड्या कुंपणाच्या भोकातून आल्या. पाल्याखाली ओल, ओलीत किडे. कोंबडीला याहून वेगळा स्वर्ग नाही. थोरली बाहेर आली तेव्हा पाला रस्त्यापर्यंत गेला होता आणि रोपं उताणी पडली होती.

त्या दिवशी कोंबडीला जे ऐकावं लागलं ते मी लिहीत नाही. बाकीच्या पळाल्या, पिवळी सापडली. थोरलीनं तिला उचललं, बाजूच्या गवताळ वाफ्यावर ठेवलं आणि वर डालगं पालथं घातलं. डालगं म्हणजे कोंबड्या झाकायची मोठी टोपली. वर दगड.

"बस आता कैदेत! बघू कोण सोडवायला येतंय!"

पलीकडून शेळीला खबर गेली, "बाई गं, आता दिवसाढवळ्या कोंबड्या पळवायला लागले लोक!" पण सोडवायला कुणी आलं नाही. सोडवायचं म्हणजे बोलावं लागणार होतं.

दुपार कलल्यावर थोरलीला कोंबडीची दया आली. पाणी ठेवायला तिनं डालगं उचललं आणि उचललेलं तसंच हातात धरून राहिली. डालग्याएवढा गोल गवतातून साफ झाला होता. कोवळं गवत खाल्लेलं, किडे-अळ्या टिपलेल्या, माती चाळल्यासारखी मोकळी. खोल गेलेल्या लव्हाळ्याच्या गाठी तेवढ्या उघड्या पडल्या होत्या. त्या तिनं नुसत्या बोटांनी उपटल्या. कमरेला जोर असा लावावाच लागला नाही.

थोरलीनं इकडेतिकडे पाहिलं. मग डालगं कोंबडीसकट एक हात पुढं सरकवलं.

तिसऱ्यांदा सरकवलं तेव्हा उद्याराव बाजेवरून म्हणाला, "कैद्याला फिरवतेस कशाला?"

"एका जागी ठेवली तर शीट साचते. ताजी शीट उष्ण, रोपं जळतील."

"कोंबडीकडून काम करून घेतेस?"

"माणसाकडून होत नाही म्हटल्यावर काय करू?"

उद्याराव कूस बदलून झोपला.

पण एक कोंबडी आणि उरलेले सगळे वाफे, हा हिशोब आठवड्यात बसणारा नव्हता. अख्खा कळप हवा होता. दुसऱ्या दिवशी थोरलीनं पिवळीला सोडून दिलं, कुंपणाचं भोक हळूच मोठं केलं आणि गवताळ वाफ्यावर मूठभर दाणे फेकून वाट बघत बसली.

धाकटी काही दुधखुळी नव्हती. पिवळीचं डालगं सरकताना तिनं सगळं पाहिलं होतं. ती आली आणि भोकात काटेरी फांदी ठासून बसवली. काल जी वाट तिनं कोंबड्यांना मोकळी सोडली होती तीच आज बुजवली. वर शेळीला म्हणाली, "आपल्या कोंबड्या परक्याच्या रानात पाठवायच्या नाहीत गं. तंगड्या मोडतात तिथं!"

थोरली कुंपणापाशी येऊन उभी राहिली. कोंबडीला सांगावं तर कोंबड्या आत. शेळीला सांगावं तर शेळी तिची नव्हे. खापरातली रोपं उन्हानं माना टाकायला लागली होती. पदर खोचला, परत काढला, परत खोचला.

"ए!" ती म्हणाली.

"शेळे, तुला कुणीतरी हाक मारतंय."

"शेळीला नाही. तुला."

मी ओट्यावर होतो. खोकायचंही विसरलो.

"धाकटे, तुझ्या कोंबड्या दे दोन दिवस."

धाकटी सावकाश उठली. इतक्या महिन्यांनी तिची जीभ त्या शब्दावर जरा अडखळली. "कशाला, जाऊबाई? काल तर तंगड्या मोडायला निघाला होतात."

"काल पाला अंथरलेला होता. पाल्याआधी कोंबडी म्हणजे मजूर, पाल्यानंतर कोंबडी म्हणजे दरोडेखोर. मजूर दे, आणि दरोडेखोर घरात डांबून ठेव."

"डांबू कुठं? खुराडं मोडलंय."

"हे करतील."

"कधी? उद्या?"

उद्याराव बाजेवर उठून बसला. "उद्या नक्की—"

"आज!" दोघी एकदम म्हणाल्या.

तो बिचारा चप्पल शोधायला लागला. खुराडं झालं. दार दोनदा निखळलं, पण झालं.

"आणि मला काय मिळणार?" धाकटीनं विचारलं.

"निम्मा पाला."

"निम्मा कसा? कोंबड्या खातात किती ठाऊक आहे?"

"माझ्याच वाफ्यातलं खाणार ना?"

"बरं, निम्मा. पण वाळलेला. तळातला कुजका नको."

दोन दिवस कोंबड्यांनी आधी थोरलीचे आणि मग धाकटीचे वाफे पालथे घातले. मागं दोघी लव्हाळ्याच्या गाठी वेचत सरकत होत्या. कोंबड्या खुराड्यात गेल्या, वाफ्यांना पोटभर पाणी मिळालं, रोपं लागली, वर वीतभर पाला पडला. धाकटी पाला खोडाला भिडवायला लागली तशी थोरली ओरडली, "चार बोटं सोड! गळ्याशी गुंडाळलं तर खोड कुजतं."

"सांगायचं तर नीट सांगा की!"

"नीटच सांगतेय!"

ऊन तापलं. विहिरीची पायरी न् पायरी उघडी पडली. अशाच एका दुपारी थोरलीनं पाल्याखाली बोट घातलं आणि हाक मारली, "धाकटे, ये इकडं. घाल बोट."

धाकटीनं बोट घातलं. काढून वास घेतला. "ओल आहे."

"आहे ना?"

"माझ्या वाफ्यात जास्त आहे."

"जास्त कशी? पाला माझा!"

"कोंबड्या माझ्या!"

तासभर दोघी या वाफ्यातून त्या वाफ्यात बोटं घालत हिंडल्या. शेवटी थोरली म्हणाली, "उद्या पाणी तुझं. पण घालू नकोस, गरज नाही. विहिरीत राहू दे."

"माझं पाणी आहे. घालायचं की नाही ते मी ठरवीन," धाकटी फणकाऱ्यानं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं पाणी घातलं नाही.