सहा वेळा वितळलेले एन्झाइम

मी एका इवल्याशा नळीच्या तळाशी पडलेले जुने एन्झाइम आहे, आणि मित्रांनो, माझा राग अजून गेलेला नाही.

माझे जनुक माणसाचे, पण मला घडवले जिवाणूंनी. चरबी तोडणे हे माझे काम. एका विद्यार्थिनीने मला गाळून, शुद्ध करून दोन नळ्यांत भरले. एकीत मी, दुसरीत माझे भावंड. झाकणावर तारीख लिहिताना ती पुटपुटली, "नीट राहा रे बाबांनो, माझी तीन वर्षं तुमच्यावर आहेत." त्याच दिवशी माझ्या ताज्या थेंबाने चरबीचा फडशा पाडला. तिच्या मार्गदर्शक मॅडमनी तिची पाठ थोपटली.

मग आम्ही उणे ऐंशी अंशांच्या फ्रीझरमध्ये गेलो. भावंड मागे, तिच्या डब्यात. मी पुढच्या रांगेत. आम्हाला एकदाच वितळवायचे असते. पुन्हा पुन्हा गोठवले की आमची घडी मोडते आणि आम्ही निकामी होतो. त्याच प्रयोगशाळेतल्या तिच्या सीनियरला हे ठाऊक नव्हते? चांगले ठाऊक होते! पण स्वतःचे एन्झाइम बनवणे त्याच्या जिवावर यायचे. तो गुपचूप मला काढायचा, थेंबभर घ्यायचा, टेबलावर टाकून फोनवर खिदळत बसायचा आणि परत फ्रीझरमध्ये कोंबायचा. असे पाच वेळा.

सहाव्यांदा तिने मला काढले. मॅडम समोर उभ्या होत्या. चरबी जशीच्या तशी राहिली.

"आधीचे आकडे मनाने लिहिलेस का गं?" मॅडमनी विचारले.

"मला आधीपासूनच शंका होती," सीनियर म्हणाला.

"उद्या पुन्हा करून दाखव. नाही जमलं, तर हे काम याच्याकडे जाईल," मॅडम तिला म्हणाल्या.

मला तोंड असते तर मी त्याला तिथेच फाडून खाल्ले असते.

दुसऱ्या दिवशी तिने मागच्या डब्यातून माझे भावंड काढले. काही मिनिटांत चरबी तुटली. आकडे पहिल्यासारखेच आले.

सीनियर घाईघाईने म्हणाला, "मग कालच्या नळीच्या वेळी फ्रीझर बिघडला असेल."

"फ्रीझर एकच आहे, दादा," ती म्हणाली.

"मग पुढची नळी कोण वापरत होतं?" मॅडमनी त्याला विचारले. त्याने मान खाली घातली, पण माफी मागितली नाही.

आता मी कचऱ्याच्या डब्यात आहे. मित्रांनो, मला तुमची दया नको. एवढेच ध्यानात ठेवा की दुसऱ्याची वस्तू जागेवर ठेवली म्हणजे ती परत केली, असे होत नाही. तो सीनियर कुठे भेटला तर त्यालाही हे सांगा, आणि चारचौघांत सांगा.