मुखरूभाऊचा खर्रा

पीएच.डी.चा सेन्सर जमला तर प्रफुल्लच्या पदरात बरंच पडणार होतं: नावाआधी डॉक्टर, आलापल्लीच्या घरी ‘अजून किती वर्षं?’च्या जागी पेढे, आणि चंद्रपुरातल्या भाड्याच्या खोलीतून सुटका. जाणार काय, हे मात्र त्यानं मांडलंच नव्हतं.

उन्हाळ्याच्या सुट्टीत कॉलेज रिकामं. प्रयोगशाळेत तो एकटा, आणि दुपारच्या चहानंतर शिपाई मुखरूभाऊ. दिवसभरात प्रफुल्लशी बोलणारं माणूस तेवढंच.

काचेच्या पट्टीवर वीज वाहून नेणाऱ्या पॉलिमरचा हिरवा पापुद्रा होता. त्याला अमोनिया लागला की संगणकावरची रेघ वर चढे. बर्फाच्या कारखान्यात गळती झाली तर माणसाच्या नाकाआधी या पट्टीला कळायला हवं होतं. कळतही होतं. पंचाईत अशी, की वायूची बाटली बंद असतानाही रोज दुपारी रेघ चढायची. सोमवारी नागपूरहून मार्गदर्शक बाई तपासायला येणार, आणि उगीच बोंब मारणारा सेन्सर त्या घरी पाठवणार, प्रफुल्लसकट.

त्यानं पापुद्रा नव्यानं चढवला, खिडकीच्या फटी बुजवल्या, मोरी धुऊन काढली. रेघ आपली चढतच.

“सर, तुमची मशीन मले पाहून लाजून राह्यली,” स्टुलावर बसत मुखरूभाऊ म्हणाला. “अन् तुमचं काय? लगन झालं नाई, तरी चेहरा बायको माहेरी गेल्यावानी.”

प्रफुल्ल हसला. मुखरूभाऊनं पन्नीत तंबाखू-सुपारी घेतली, चुना टाकला आणि खर्रा घोटायला लागला. रेघ उठली.

प्रफुल्लचं हसू तिथंच थांबलं. तंबाखूला चुना लागला की अमोनिया सुटतो, हे त्याला ठाऊक होतं. पण खर्रा त्याच्या लेखी कधी वायू नव्हताच, सोबत होती.

“भाऊ, खर्रा बाहेर घोटाल का?”

“घोटतो न. पण तोंडातबी तोच हाय, सर. तोंड कुठी ठेवू?”

थट्टाच होती. पण तो बोलला तशी रेघ पुन्हा हलली.

“मग... सोमवारपर्यंत आत येऊ नका,” प्रफुल्ल टेबलाकडं बघत म्हणाला.

“बरं,” म्हणून मुखरूभाऊ उठला. पन्नी खिशात घातली, स्टूल नीट सरकवून ठेवलं.

सोमवारी रेघ फूटपट्टीनं आखल्यासारखी सरळ. बाई खूश. “आता हीच पट्टी वर्षभर तपासा,” त्या म्हणाल्या, “आणि खोलीत कुणाला येऊ देऊ नका.”

दुसऱ्या दुपारी गेटवर मुखरूभाऊ चौकीदार सोमाजीला खर्रा वाटत होता. दोघांचं हसणं ऐकून प्रफुल्लनं खिडकी जराशी उघडली. रेघ हलली नाही.

बाईंना निकाल मिळाला, कारखान्याला नाक मिळालं, मुखरूभाऊला वाटेकरी मिळाला. या सगळ्यांची किंमत भरली ती प्रफुल्लनं, आणि त्या रिकाम्या स्टुलासमोर बसून पुढच्या वर्षाचीही आगाऊच.